ब्राझीलचे फुटबॉल संघ : पहिला नंबर कोणाचा?

परीक्षांचे निकाल लावण्यांत माझें आयुष्य गेलें. पहिला कोण, हें ठरवितांना खरी अडचण बेरजेची नसते. कोणत्या परीक्षेला किती वजन द्यावें, ही असते. ब्राझीलच्या फुटबॉल संघांची प्रतवारी लावूं गेल्यास हीच अडचण पुढें उभी राहते.

हा देश खंडप्राय. साओ पाउलो राज्याची स्पर्धा १९०२ सालींच सुरू झाली. परंतु देशांतील संघांची अखिल ब्राझील स्पर्धा निघावयास १९५९ साल उजाडलें, आणि आजच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाची गणना पुष्कळ वर्षें १९७१ पासूनच होत असे. २०१० सालीं तेथील फुटबॉल महामंडळानें आधींचे विजयही त्यांत धरले. त्यामुळें पेलेच्या सांतोस संघाचीं दोन अजिंक्यपदें एकदम आठ झालीं. आणि १९६७ सालच्या दोन्ही स्पर्धा जिंकणाऱ्या पाल्मेइरासच्या खातीं एकाच वर्षाचीं दोन अजिंक्यपदें जमा झालीं!

कोणी म्हणेल, १९६३ चें अजिंक्यपद सांतोसनें अवघ्या ४ सामन्यांत मिळविलें. आज त्यासाठीं ३८ सामने खेळावे लागतात. आक्षेप खरा. पण त्याच वर्षीं त्या संघानें दक्षिण अमेरिकेच्या अंतिम झुंजींत बोका ज्युनिअर्सला व पुढें युरोपच्या मिलानला नमविलें, हेंही विसरूं नये.

राष्ट्रीय अजिंक्यपदें मोजलीं, तर २०२३ पर्यंत १२ वेळां जिंकणारा पाल्मेइरास पहिला. दक्षिण अमेरिकेची लिबर्तादोरेस स्पर्धा प्रमाण मानली, तर १९८१, २०१९, २०२२ व २०२५ सालीं विजयी झालेला फ्लामेंगो पहिला. जगज्जेतेपद पाहिलें, तर १९९२, १९९३ व २००५ चा मानकरी साओ पाउलो पहिला. कसोट्या तीन, आणि पहिले नंबरही तीन!

आतां एक गोष्ट अशी, कीं जी कोणत्याच बेरजेंत येत नाहीं. १९२३ सालीं रिओची स्पर्धा वास्को द गामा संघानें कृष्णवर्णी व कष्टकरी खेळाडूंच्या बळावर जिंकली. बड्या संघांनीं १९२४ सालीं निराळें मंडळ काढलें, व वास्कोनें आपले १२ खेळाडू वगळावे, तरच प्रवेश, अशी अट घातली. वास्कोचे अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनीं ७ एप्रिल रोजीं पत्र लिहून ती साफ नाकारली. त्या पत्राबद्दल वास्कोला करंडक मिळाला नाहीं. तरीपण माझ्या हातीं निकालपत्रक असतें, तर शेऱ्याच्या रकान्यांत मीं तें पत्र प्रथम नोंदविलें असतें.