शांतता-उभारणीतील कृत्रिम बुद्धिमत्ता

सशस्त्र संघर्ष व लिंगाधारित हिंसा यांची पूर्वसूचना मिळविणे आणि त्यांना प्रतिबंध करणे यांसाठी होणारा संगणकीय अनुमानतंत्रांचा वापर.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी संमत केलेल्या ठराव १३२५ मुळे स्त्रियांचा शांतताप्रक्रियेतील सहभाग व संघर्षकाळातील लैंगिक हिंसेपासून त्यांचे संरक्षण हे विषय आंतरराष्ट्रीय सुरक्षेच्या कक्षेत आले (पहा : सुरक्षा परिषद). पुढे यंत्र-अध्ययन, म्हणजे उपलब्ध विदेतून आकृतिबंध शोधून अनुमान करण्याची पद्धत, शांतता-उभारणीच्या क्षेत्रात रुजले (पहा : कृत्रिम बुद्धिमत्ता).

स्वीडनमधील अप्साला विद्यापीठात विकसित झालेली ‘व्ह्यूज’ ही प्रणाली भूप्रदेशाचे अर्धा अंश अक्षांश-रेखांशाचे चौकोन पाडून पुढील ३६ महिन्यांतील संघर्षबळींचे मासिक अनुमान देते. युगांडात संयुक्त राष्ट्रांच्या कंपाला येथील प्रयोगशाळेने लुगांडा, अचोली इ. भाषांतील रेडिओवरील सार्वजनिक चर्चांचे लेखी संहितेत रूपांतर करून त्यांतील विषय छानणारे साधन तयार केले. संमतीविना प्रसृत होणारी खाजगी छायाचित्रे रोखणाऱ्या ‘स्टॉप एनसीआयआय’ (२०२१) या सेवेत मूळ चित्र पीडितेच्या उपकरणातच राहते व त्यापासून बनलेली सांकेतिक संख्या तेवढी सहभागी समाजमाध्यमांकडे जाते (पहा : सायबर गुन्हे).

विखुरलेल्या माहितीतून धोक्याचे संकेत लवकर मिळणे, हे या तंत्रांचे महत्त्व होय. तथापि लिंगाधारित हिंसेच्या पुष्कळ घटना नोंदविल्याच जात नसल्याने विदा अपुरी राहते, अनुमानांत पूर्वग्रह शिरतो आणि गोपनीयतेचा भंग झाल्यास पीडितांचा धोका वाढतो; म्हणून अंतिम निर्णय मानवी पडताळणीनंतर घेणे आवश्यक ठरते.