शनिवारवाड्यातील हाक

कामानिमित्त पुण्यास जाऊन आलेल्या आपल्या ग्रामस्थांपैकी बहुतेकांनी शनिवारवाडा निदान बाहेरून तरी पाहिला असेल. अमावास्या-पौर्णिमेच्या रात्री तेथे "काका, मला वाचवा" अशी हाक ऐकू येते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. स्वतः ऐकलेला मनुष्य मात्र प्रस्तुत लेखकास अद्याप भेटलेला नाही.

पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, या वाड्याचा पाया घातला. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च आला रुपये १६,११०.

हाकेची कथा ३० ऑगस्ट १७७३ ची. गणेशोत्सवाचे दिवस होते. नारायणराव पेशवे अवघे अठरा वर्षांचे. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत. सुमेरसिंगाचे गारदी थकलेल्या पगाराची ओरड करीत दिवसाढवळ्या आत घुसले. नारायणराव जीव घेऊन चुलत्यांच्या दालनात धावले, त्यांना मिठी मारली. पण सुटका झाली नाही. हुकुमातील 'धरावे'चे आनंदीबाईंनी 'मारावे' केले, असे घरोघरी सांगतात. तो कागद संशोधकांच्या हाती लागलेला नाही; तेव्हा बाईंना दोष देताना जपूनच बोलावे. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशीअंती दोष ठेवला तो रघुनाथरावांवर. देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरा मार्ग नाही, असे त्यांच्या तोंडावर सांगून शास्त्रीबुवांनी पुणे सोडले.

पण भुताच्या गोष्टीत एक नाव कधीच येत नाही. त्या हाकेला एक माणूस खरोखर धावून आला होता. चापाजी टिळेकर हा पेशव्यांचा सेवक. त्याने धन्याच्या अंगावर स्वतःस झोकून दिले आणि धन्याबरोबरच तो कापला गेला. इच्छारामपंत ढेरे यांचाही त्याच दिवशी वाड्यात अंत झाला.

२७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्यास आग लागली. सात दिवस तो जळत होता. हा नारायणरावांचा शाप, असे म्हणतात. परंतु वाड्यावर इंग्रजांचे निशाण १७ नोव्हेंबर १८१७ रोजीच चढले होते. जळाला तो पेशव्यांच्या हातून गेलेला वाडा. लाकडी मजले गेले. दगडी जोती, तट आणि पाच दरवाजे राहिले.

बहुतेक मंडळी दिल्ली दरवाजा पाहून परततात. सवड असल्यास नारायण दरवाजाही पाहावा. नारायणरावांचा देह तेथून बाहेर नेला, म्हणून त्यास हे नाव पडले असे सांगतात. चापाजीच्या नावाचे तेथे काही नाही.