डिस्क एक, लिपी अनेक

मंडळी, पेशवे दप्तरातला मोडी कागद आपल्याला वाचता आला नाही, म्हणून तो कोरा आहे असे आपण म्हणत नाही. संगणक मात्र जवळजवळ तसेच म्हणतो. लिनक्सवर तयार केलेली डिस्क विंडोजला जोडली, की "वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा" अशी सूचना येते. आतला मजकूर शाबूत असतो, फक्त विंडोजला ती मांडणी उमगत नाही. आपण "हो" म्हटले, तर कोणती फाइल कुठे आहे याची यादीच पुसली जाते.

या वेगवेगळ्या मांडण्यांना इतिहास आहे. १९७७ साली मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी 'फॅट' रचली. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखा एक तक्ता, बस्स! सोपी म्हणून ती सगळीकडे पसरली. पण प्रत्येक घराण्याने आपली वेगळी चूलही मांडली. अ‍ॅपलने १९८५ मध्ये एचएफएस आणली, तर १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस आणि लिनक्ससाठी ईएक्सटी-२ आली.

एनटीएफएसचा संपूर्ण तपशील मायक्रोसॉफ्टने जाहीर केला नव्हता. लिनक्सच्या कार्यकर्त्यांनी डिस्कवरच्या खुणा तपासत ती उलगडली, अगदी एखाद्या अनोळखी लिपीसारखी. आधी नुसते वाचता येई, लिहिणे जोखमीचे असे. २००७ मध्ये 'एनटीएफएस-३जी'ची स्थिर आवृत्ती आली आणि लिहिणेही भरवशाचे झाले. मॅक मात्र अजूनही एनटीएफएस डिस्क स्वतःहून वाचतो, लिहीत नाही.

फॅट-३२ सर्वांना कळते, पण तिच्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. म्हणून २००६ मध्ये एक्सफॅट आली. तिचा तपशील मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये खुला केला आणि त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यात तिला जागा मिळाली. जे कुलूप लावणाऱ्यानेच उघडले, ते सर्वांच्या सोयीचे ठरले.

तेव्हा नातेवाइकांनो, घरातल्या जुन्या डिस्कवर लग्नामुंजीचे फोटो असतील, आता नसलेल्या माणसांचे आवाज असतील. ती सूचना दिसली तर "नाही" म्हणा. डिस्क ज्या जातीच्या संगणकावर भरली, तसा संगणक शोधा, किंवा लिनक्सवर लावून पाहा. आधी प्रत काढा, मग पुढचे बघू.

आपल्याला वाचता येत नाही, एवढ्यावरून काही पुसू नये. हे कागदालाही लागू आहे आणि डिस्कलाही.