सत्याग्रहाला जागा कोणी दिली?

महाडचा सत्याग्रह म्हटला की डॉ. बाबासाहेब आंबेडकर, चवदार तळे आणि मनुस्मृतीचे दहन आठवते. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे या सहकाऱ्यांची नावेही घेतली जातात. फत्तेखान हे नाव मात्र क्वचितच ऐकू येते. मुंबईच्या उपनगरांत कोकणातून आलेली असंख्य मुस्लिम कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलांनाही ते ठाऊक नसते.

तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, विरोधाची परंपरा जुनी आहे. 1930 मध्ये चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. 1933 ते 1939 या काळात अलिबागजवळच्या चरी परिसरात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप केला आणि शेते पडीक ठेवली. महाड याआधीचे.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आणि हजारो दलित बांधव चवदार तळ्याचे पाणी प्यायले. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव आधीच केला होता, पण तो कागदावरच राहिला होता. पाणी पिऊन लोक परतले आणि ‘आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी अफवा उठली. परिषदेला आलेल्यांवर लाठ्यांनी हल्ले झाले. त्या दिवशी काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा महाडमध्ये मंडपासाठी कोणी जागा देईना. व्यापारी सामान विकेनात, म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला. बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला आले. परिषद भरली ती फत्तेखान यांच्या जागेवर. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली तीही तिथेच. कोर्टाच्या मनाईमुळे तळ्यावरचा सत्याग्रह तेव्हा तहकूब झाला. हायकोर्टाचा निकाल दलितांच्या बाजूने लागायला 1937 साल उजाडले.

जागा देणे ही साधी गोष्ट नव्हती. परिषद संपली की पाहुणे आपापल्या गावी जातात. जागा देणाऱ्याला मात्र त्याच बाजारात, त्याच शेजाऱ्यांत राहायचे असते. म्हणून सत्याग्रहाच्या इतिहासात भाषण करणाऱ्याइतकाच तोही महत्त्वाचा आहे.

पण फत्तेखान यांचे नाव केवळ अभिमानाने मिरवून आपले काम संपत नाही. एका माणसाच्या धैर्याने सगळ्या समाजाला प्रमाणपत्र मिळत नाही. आपल्यातही बिरादरीचे उच्चनीच आहे. आपल्यातही वेगळे बोलणाऱ्याची कोंडी होते. 18 एप्रिल 1966 रोजी चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध त्यांची मागणी होती. दलवाईंची सगळी मते पटलीच पाहिजेत असे नाही. पण त्या सात जणींना आपल्या मोहल्ल्यात किती दारे उघडी होती, हे विचारायलाच हवे.

आज कुर्ल्यात किंवा जोगेश्वरीत एखाद्या मुलीला वारसाहक्कावर सभा घ्यायची असेल, तर जमातीचा हॉल तिला मिळेल का? दलित वस्ती तुटल्यावर लोकांना बसायला आपण अंगण देऊ का? फत्तेखान यांची आठवण ठेवायची तर ती अशा वेळी ठेवावी.