जंक शीड

जंक शीड : मुळात चिनी जहाजांवरचे, आडव्या कामट्यांनी कप्पे पाडलेले शीड. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत छोट्या नौकांवरचे नेहमीचे त्रिकोणी, म्हणजे बर्म्युडा पद्धतीचे शीड काढून त्या जागी हे बसवण्याची पद्धत रुजली आहे. खुल्या समुद्रात एकट्याने जाणाऱ्यांनी ती विशेष उचलून धरली. वेगासाठी हे शीड कोणी निवडत नाही. दमलेल्या, भिजलेल्या एकाच माणसाला ते अंधारातही आवरता येते, यासाठी निवडतात.

शिडाचा आकार साधारण चौकोनी असतो. माथ्याला तिरके परबाण, म्हणजे शीड ज्याला लटकते तो दांडा, तळाला दुसरा दांडा आणि दोहोंच्या मध्ये पाच-सहा कामट्या असतात. कामट्या पूर्वी बांबूच्या असत. आता फायबरग्लास किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरतात. शिडाचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढे राहतो. त्यामुळे वाऱ्याचा जोर काही अंशी तोलला जातो आणि शीड एका बाजूकडून दुसरीकडे जाताना बसणारा झटका सौम्य होतो. प्रत्येक कामटीच्या मागच्या टोकाला बारीक दोर असतो आणि हे सगळे दोर शेवटी एकाच मोठ्या दोराला येऊन मिळतात. शीड आत-बाहेर करायचे ते या एका दोराने. डोलकाठीला तारांचे ताणे नसतात. ती डेकमधून आरपार खाली जाते, नौकेच्या कण्यावर टेकते आणि स्वतःच्या बळावर उभी राहते. जोराचा झोत आला की ती वाकते. वाकणे हा तिचा दोष समजू नये.

वारा वाढला की शीड आखडावे लागते आणि एकट्या दर्यावर्द्याचा खरा धोका तिथेच असतो. बर्म्युडा शीड आखडायचे तर बहुतेक नौकांवर सुकाणू सोडून, हेलकावणाऱ्या डेकवरून डोलकाठीपाशी जावे लागते, कापड ओढून बांधावे लागते आणि पुढचे दुसरे शीडही उतरवावे लागते. माणूस समुद्रात पडतो तो बहुधा अशा वेळी, आणि नौकेवर दुसरे कोणी नसेल तर वळून येऊन त्याला उचलणारे कोणी नसते. जंक शिडाचा वरचा दोर सैल सोडला की परबाण स्वतःच्या वजनाने खाली येते आणि कप्पे एकेक करून खालच्या दोरांच्या झोळीत घडी पडून बसतात, ओसरीवरचा बांबूचा चिक सोडावा तसे. मग एक-दोन दोर ताणले की काम संपले. हे सारे आत उभे राहून, डेकवरच्या झाकणाच्या भोकातून नुसते डोके बाहेर काढून करता येते. कापड फाटले तरी फाट सहसा एका कप्प्यापुरती राहते. कापडावर ताण कमी असल्याने ते महागडे लागत नाही. घरच्या शिलाई यंत्रावर शिवलेली शिडे महासागर ओलांडून गेली आहेत.

पाश्चात्त्य नौकांवर हा प्रयोग आधीही झाला होता. पुढे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य ठरलेल्या जोशुआ स्लोकमने १८८८ मध्ये ब्राझीलमध्ये स्वतः बांधलेल्या ‘लिबरदादे’ या नौकेवर चिनी धर्तीची शिडे लावून बायको-मुलांसह अमेरिका गाठली होती. पण या शिडाला शिस्तशीर अभ्यासाचा विषय बनवले ते एच. जी. ‘ब्लाँडी’ हॅस्लर यांनी. हे ब्रिटिश रॉयल मरीन्सचे अधिकारी. १९४२ मध्ये वल्ह्यांच्या होड्यांतून बोर्दो बंदरात शिरून जर्मन जहाजांना सुरुंग लावण्याच्या मोहिमेचे ते नेते होते. मोहिमेवर गेलेल्या दहांपैकी ते धरून दोघेच जिवंत परतले. युद्धानंतर त्यांनी ‘जेस्टर’ ही २५ फुटी फोकबोट जातीची नौका प्रयोगासाठी घेतली. आधी एक वेगळे शीड लावून पाहिले, ते मनासारखे जमेना, तेव्हा जंक शीड बसवले. उघडी बैठक झाकून टाकली, डेकच्या मध्यावर एक गोल झाकण ठेवले आणि सगळे दोर तिथे आणले. वाऱ्याच्या दिशेवरून सुकाणू आपोआप सांभाळणारे एक यंत्रही त्यांनी रचले. १९६० मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची पहिली शर्यत प्लिमथहून सुटली. पाच जण उतरले होते. फ्रान्सिस चिचेस्टर आपल्या बऱ्याच मोठ्या नौकेतून ४० दिवसांत न्यूयॉर्कला पोचले आणि हॅस्लर ‘जेस्टर’मधून ४८ दिवसांत दुसरे आले. नौकांच्या लांबीतला फरक पाहता हे आठ दिवस फार नव्हेत. १९६४ मध्ये ‘जेस्टर’ माइक रिची यांनी घेतली आणि ती वर्षानुवर्षे अटलांटिकवर नेली. १९८८ च्या शर्यतीत ती समुद्रातच सोडून द्यावी लागली. त्याच वर्षी हॅस्लर आणि जॉक मॅक्लाउड यांचा ‘प्रॅक्टिकल जंक रिग’ हा ग्रंथ निघाला. हॅस्लर वर्षभरापूर्वीच वारले होते. नौकेचे शीड बदलणारा आजही हाच ग्रंथ आधी उघडतो.

रूपांतरात शीड शिवणे हा सोपा भाग. अवघड असते ते डोलकाठीची जागा ठरवणे. बर्म्युडा नौकेवर पुढे एक आणि मागे एक अशी दोन शिडे असतात आणि दोघांच्या जोराचा मध्य डोलकाठीच्या आसपास येतो. जंक शीड एकच, आणि त्याचा बराचसा भाग डोलकाठीच्या मागे. जुन्या जागी डोलकाठी ठेवली तर जोराचा मध्य मागे सरकतो, नौका सतत वाऱ्याकडे तोंड वळवू पाहते आणि सुकाणू जड होते. म्हणून डोलकाठी पुढे न्यावी लागते; किती, ते नौकेचे चित्र प्रमाणात काढून, शिडाचा पुठ्ठा कापून त्यावर सरकवत पाहिल्यावर कळते. नवी जागा बहुधा पुढच्या झोपण्याच्या फळीच्या मधोमध येते आणि केबिनमध्ये खांब उभा राहतो. हे मान्य नसेल त्याने पुढे वाचू नये.

त्यानंतर डेक. आधीची डोलकाठी अनेक छोट्या नौकांवर नुसती डेकवर उभी असते. तारा तिला धरून ठेवतात आणि डेकवर फक्त खाली दाबणारा भार येतो. बिनताण्याची डोलकाठी मात्र डेकच्या भोकात पहारीसारखा आडवा जोर लावते. तेवढ्यासाठी भोकाभोवती प्लायवूड आणि फायबरग्लासचे थर चढवून, आडव्या तुळया बांधून डेक जाड करावा लागतो. डोलकाठीची खालची बैठकही नौकेच्या नुसत्या कातडीवर ठेवून चालत नाही, भार कण्यापर्यंत पोचला पाहिजे. या दोन ठिकाणी काटकसर करणाऱ्याने आपली नौका किनाऱ्याजवळच ठेवावी. डोलकाठी स्प्रूस किंवा डग्लस फरसारख्या सरळ धाग्याच्या लाकडाची करतात, नाहीतर ॲल्युमिनियमच्या नळीची. रस्त्यावरच्या दिव्यांचे निमुळते खांबही पुष्कळांनी वापरले आहेत. नवी डोलकाठी जुनीपेक्षा जड होते, म्हणून वरच्या वजनाने नौकेचा तोल किती घटतो हे तपासावे लागते. पुढचे शीड गेलेले असल्याने एकट्या शिडाचे क्षेत्रफळ मोठे घ्यावे लागते. ते मोठे झाले तरी हरकत नसते, कारण आखडणे क्षणाचे काम.

हॅस्लर यांच्या पद्धतीचे शीड सपाट होते, आणि सपाट शीड वाऱ्याच्या तोंडावर नीट चढत नाही. या शिडाबद्दल सर्वात जास्त तक्रार याचीच होती. नॉर्वेतील आर्ने क्वेर्नेलंड यांनी प्रत्येक कप्प्याला शिवतानाच पोट ठेवण्याची पद्धत रूढ केली, तेव्हापासून ती बरीच कमी झाली. तरी चांगल्या बर्म्युडा शिडाची बरोबरी वाऱ्याविरुद्ध होतेच असे नाही. बाकी दोष किरकोळ नव्हेत: पडेल वाऱ्यात लाटेवर जड परबाण आणि कामट्या आदळत राहतात, कापड डोलकाठीला घासून झिजते, दोरांची लांबी भरपूर असते आणि वळताना एखादा दोर कामटीच्या टोकात अडकतो. कामटी मोडू शकते. रूपांतरित नौकेला गिऱ्हाईकही कमी मिळते. रॉजर टेलर यांनी मात्र २१ फुटी ‘मिंगमिंग’ आणि नंतर स्वतः रूपांतरित केलेली २४ फुटी ‘मिंगमिंग २’ या इंजिन नसलेल्या नौकांतून एकट्याने आर्क्टिक समुद्रापर्यंत फेऱ्या केल्या. छोटी नौका आणि हे शीड यांची जोडी किती दूर जाऊ शकते याचा याहून चांगला दाखला नाही.

मराठी मुलखात या शिडाची परंपरा नाही. कोकणच्या फत्तेमाऱ्या आणि मचवे लांबलचक तिरक्या परबाणावरच्या शिडाने चालत. वाऱ्याची बाजू बदलली की परबाण शिडासकट डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावे लागे, आणि त्याला तांडेलाच्या हाकेसरशी धावणारे खलाशी लागत. एकट्याचे ते काम नव्हे. एकट्याने न थांबता जग फिरण्याच्या इतिहासात मात्र मुंबई आरंभीच आली. १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फुटी ‘सुहैली’ मुंबईत सागवानात बांधलेली होती. ही प्रदक्षिणा एका शर्यतीचा भाग होती; त्याच शर्यतीत बिल किंग हे माजी पाणबुडी-कप्तान ‘गॉलवे ब्लेझर २’ ही दोन डोलकाठ्यांची जंक नौका घेऊन उतरले होते. दक्षिण अटलांटिकमध्ये ती उलटली, डोलकाठ्यांची वाट लागली आणि त्यांना केपटाउनचा आसरा घ्यावा लागला. पुढे त्यांनी त्याच नौकेतून प्रदक्षिणा पुरी केली.

भारतीय नौदलाच्या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या सागरपरिक्रमा मोहिमेमागे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा ध्यास होता.  मोहिमेसाठी ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून जग फिरणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला त्याच नौकेतून निघून ३१ मार्च २०१३ ला न थांबता परतले. ही बर्म्युडा नौका. टॉमी २०१८ मध्ये ‘सुहैली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’तून पुन्हा प्रदक्षिणेला निघाले तेव्हा दक्षिण हिंदी महासागरात नौका उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि पाठीला जबर दुखापत झाली. किंग आणि टॉमी यांचे अपघात शेजारी ठेवले की एवढे ठरते की पालथे पडण्यावर कोणत्याच शिडाचा इलाज नाही.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यालाही हे रूपांतर करता येईल; उदाहरण कोल्हापूरचे. कोल्हापूरला आज समुद्र नाही, पण एके काळी होता. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला करवीर, म्हणजे कोल्हापूरच्या, राज्याकडे होता आणि तिथल्या गलबतांना इंग्रज चाचे म्हणत. १७६५ मध्ये, करवीरच्या राणी जिजाबाई कारभार पाहत असताना, इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिले. तहाने तो परत मिळाला, पण १८१२ च्या तहाने मालवण कायमचे गेले. आज कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोणी रूपांतर करायचे ठरवले तर नौका घाटाखाली मालवण, रत्नागिरी किंवा गोव्यातच ठेवावी लागेल; सुटे भाग मात्र घरी होतील. डोलकाठीची बैठक आणि परबाणाचे लोखंडी काम कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या आवाक्यातले आहे. सिंधुदुर्ग-कोल्हापूर पट्ट्यातला माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, चाचणीच्या शिडाला कामट्या म्हणून तो चालेल. इचलकरंजीचे सुती कापड मात्र टाळावे, खाऱ्या दमटपणात ते कुजते, पॉलिएस्टर घ्यावे.

कोकण किनाऱ्यावर पावसाळा संपल्यानंतर दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो. मुंबईहून गोव्याकडे उतरताना हे शीड उत्तम चालेल; उलट दिशेने मालवणहून वर जाताना वारा तोंडावर घ्यावा लागेल आणि तिथे ते रखडेल. दिवसाच्या फेरफटक्यासाठी किंवा शर्यतीसाठी एवढा खर्च करण्यात अर्थ नाही. रात्री एकट्याने समुद्रात राहायचे असेल तर आहे. तसा विचार असलेल्याने नौका विकत घेण्याआधी पुढच्या केबिनमध्ये उतरून, डोलकाठी डेकपासून कण्यापर्यंत सरळ जाऊ शकेल का ते फूटपट्टी लावून पाहावे. जात नसेल तर ती नौका घेऊ नये.