दुर्बिणीविना नेम

तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल नेमबाजीच्या तीन स्थितींच्या प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक जिंकलं. कुस्तीगीर खाशाबा जाधवांनंतर तब्बल 72 वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक!

त्याच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. ऑलिंपिक नियमांना ती मान्यच नाही, आणि आपोआप पुढची गोळी भरणारी अर्धस्वयंचलित रायफलही नाही. प्रत्येक गोळी हातानेच भरायची. 50 मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं. डोळ्याजवळचं बारीक छिद्र, नळीच्या टोकाची कडी आणि काळा गोल एका रेषेत आणायचे, बस्स. म्हणूनच या छिद्राची बैठक पक्की हवी. ती रायफलीवरच्या पट्टीवर घट्ट आवळतात. केसभर हलली, तरी नेम चुकतो.

गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने, अशा तिन्ही स्थितींत मान आणि गालाचा टेका बदलतो. छिद्राचं अंतर त्यानुसार जुळवावं लागतं. अशाच साधनाने कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. पालथ्या स्थितीत 600 पैकी 597 गुण मिळवून त्यांनी विश्वविक्रमाशी बरोबरी केली. कोल्हापूरच्या मातीने कुस्तीइतकाच हा खेळही जपला आहे.