परदेशातल्या क्लबचे डॉलर आहुप्याच्या शाळेत पुस्तक होऊन कसे पोहोचतात?

पुणे-नाशिक महामार्गावरून जाताना जुन्नर आणि आंबेगाव हे बागायती तालुके वाटतात. नारायणगावचा टोमॅटो, मंचरची बाजारपेठ, दोन्ही बाजूंना ऊस. पण पश्चिमेला घाटमाथ्याकडे वळलं की चित्र बदलतं. आंबे-हातवीज, अंजनावळे, असाणे, आहुपे ही महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं. भातखाचरं, हिरड्याची झाडं, जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळा आणि आश्रमशाळा. इथल्या मुलांना गोष्टीचं पुस्तक मिळण्याची हक्काची जागा म्हणजे शाळाच.

सरकार काही देत नाही का?

देतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय, वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असायला हवीत. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५ ते २० हजार रुपये ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. यात सर्वांत कमी वाटा प्राथमिक शाळांचा, म्हणजे वाचनाची सवय जिथे लागते त्याच वर्गांचा. इथेच सेवा क्लबची मदत उपयोगी पडू शकते.

क्लबचा पैसा येतो कसा?

रोटरीचं उदाहरण घेऊ. १९०५ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या या संघटनेच्या फाउंडेशनकडून ‘ग्लोबल ग्रँट’ मिळते. त्यासाठी दोन भागीदार लागतात. एक जिथे काम होणार तिथला, दुसरा परदेशातला. प्रकल्पाचं बजेट किमान ३० हजार डॉलर असावं लागतं. एका शाळेच्या कपाटासाठी ही रक्कम फारच मोठी. म्हणून असे प्रकल्प एका गावाचे नसतात, तालुकाभरातल्या अनेक शाळा एकत्र घेतल्या जातात. छोट्या कामांसाठी ‘डिस्ट्रिक्ट ग्रँट’ असते.

ग्लोबल ग्रँटला आणखी दोन अटी आहेत. अर्जाआधी गावाची गरज काय आहे, हे स्थानिकांशी बोलून तपासावं लागतं. आणि नुसती पुस्तकं-कपाटं विकत घेऊन भागत नाही, शिक्षकांच्या प्रशिक्षणासारखी जोड लागते.

पैसे थेट शाळेला पाठवता येतात?

इतकं सोपं नाही. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा होतो. तो दुसऱ्या संस्थेकडे वर्गही करता येत नाही. म्हणजे ज्याने पैसे घेतले, त्यानेच काम करायचं.

मग अडतं कुठे?

बहुतेक वेळा कपाटाच्या कुलपाशी. पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर हिशेब कोण देणार, या धास्तीने कपाट बंदच राहतं. त्यात घाटमाथ्यावरचा पाऊस. चार महिने दमट हवेत बंद राहिलेल्या पुस्तकांना बुरशी लागते.

दुसरा प्रश्न भाषेचा. परदेशातून खोके भरून येणारी इंग्रजी पुस्तकं फोटोत छान दिसतात, पण घरी बोलीभाषा बोलणाऱ्या दुसरीतल्या मुलाला आधी मोठ्या अक्षरातली, चित्रांची मराठी पुस्तकं हवीत. ती इथेच मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर तर मराठी गोष्टी मोफत डाउनलोड करून छापताही येतात.

कुलपावरही उपाय आहे. पुण्याच्या प्रदीप लोखंडे यांच्या ‘ग्यान-की’ ग्रंथालयांत पुस्तकांची जबाबदारी विद्यार्थिनीकडे असते आणि मुलं देणगीदाराला पोस्टकार्ड लिहितात. कपाट उघडतंय की नाही, हे त्या पत्रातूनच कळतं.

मदत करायची असेल तर?

तुमचा क्लब, कंपनी किंवा परदेशातलं मराठी मंडळ एखाद्या शाळेला पुस्तकं देणार असेल, तर आधी तीन गोष्टी विचारा. पुस्तकं कोणत्या भाषेत आणि कोणत्या इयत्तेसाठी हवीत? मुलांना ती घरी नेता येतील का? आणि फाटलेल्या पुस्तकांच्या जागी पुढच्या वर्षी नवी कोण देणार? वर्षभराने पाहणी कराल तेव्हा सगळी पुस्तकं कोरी करकरीत दिसली, तर समजा, कपाट उघडलेलंच नाही.